वस्तीचं मशीन

"ह्यो पट्टा आधी कोणाकोणाच्या दंडाला बांधून आलीस?"

त्या घरच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्यांच्या सुनेनं बाही वर सरकवली होती. तिला सहावा महिना होता. बीपीच्या मशीनचा पट्टा माझ्या हातात होता आणि तो तिच्या दंडाला गुंडाळायला मी वाकले होते. तशीच वाकलेली राहिले.

मी खरं ते सांगितलं. "सकाळपासून सात बाया झाल्या. आत्ता वस्तीतूनच येऊन राहिले."

"वस्तीतून," त्या म्हणाल्या. मला चेहऱ्यानं ओळखत नव्हत्या, म्हणून घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. तेव्हाच त्यांना कळायचं ते कळलं होतं. तरी पट्टा हातात घेईपर्यंत थांबल्या. मग सुनेला म्हणाल्या, "बाही खाली कर गं."

सुनेनं बाही खाली केली. माझ्याकडं बघितलं नाही.

"तुमच्या मॅडमला सांग," सासूबाई म्हणाल्या, "तपासायचं असंल तर नवं मशीन आणा. आन् दुसरी पोरगी पाठवा. आमचं तुझ्यावर काई न्हाई. पण दोन जिवांची हाय ती."

मी पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला. फॉर्मवर नकाराचं कारण लिहायचा रकाना होता. वेळ नाही, घरी नाही, इच्छा नाही, असे तीन पर्याय. मी 'वेळ नाही' वर खूण केली. बाहेर अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातली होती. ती शिजवायला आणि पसरायला माझी काकू होती, आमच्या वस्तीतल्या आणखी पाच-सहा बाया होत्या. काकूच्या नखांतला पिवळा रंग अजून निघाला नव्हता. ती हळद देवाला चालते, नवरीच्या अंगाला चालते. हे मी तिथं बोलले नाही. रस्त्यानं चालताना मनात बोलले, आणि मनातच बोलले म्हणून स्वतःचीच चीड आली.

गावाचं नाव सांगत नाही. डोंगरकडा गावाच्या पुढं, कळमनुरी तालुक्यातलं. मी तिथलीच. ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्धवस्ती, पलीकडं गाव. नांदेडला नर्सिंग करून आले तेव्हा वस्तीतली मी पहिली नर्स. काकू सगळ्यांना सांगत फिरायची, आमची पोरगी डाक्टरीन झाली. मी दोन-चार वेळा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, ऐकायला बरं वाटायचं.

नोकरी लागली ती संशोधनात. मॅडम शहरातल्या मोठ्या डॉक्टर. गरोदर बाईचा बीपी कधी वाढतो, कोणाचा वाढतो, त्यानं बाळंतपणात बाईचा आणि लेकराचा जीव कसा जातो, यावर त्यांचं काम. कळमनुरीत रस्त्याला लागून दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आम्ही दोघी नर्सा. मी आणि अश्विनी. अश्विनी माझ्याच कॉलेजची, शेतकरी घरातली, ओढ्यापलीकडची म्हणा. महिन्यातून एकदा प्रत्येक गरोदर बाईच्या घरी जायचं. तीनदा बीपी मोजायचा आणि सरासरी लिहायची. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढं गेला, तर लगेच लघवी तपासायची, दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, मॅडमना फोन लावायचा आणि गाडी बोलवायची. नियम चांगला होता. आजही म्हणते, नियम चांगलाच होता.

सासूबाईंचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला खूप वाईट वाटलं गं." मला वाटलं, आता त्या माझ्यासोबत त्या घरी येतील. निदान फोन तरी करतील. त्या म्हणाल्या, "पण आपल्याला डेटा पाहिजे. समाज बदलायला नाही आलो आपण."

आठ दिवसांत नवं मशीन आलं. खोक्यातून काढताना प्लास्टिकचा वास येत होता. मॅडमनी त्यावर निळं स्टिकर लावलं, जुन्यावर लाल. "हे गावासाठी. अश्विनी नेईल. जुनं वस्तीसाठी, तुझ्याकडं राहू दे. तुलाही सोपं, तुझीच माणसं आहेत."

मी म्हणलं, "हो मॅडम."

त्या वेळी मला काय झालं होतं, ते अनेकदा आठवून बघितलं. राग आला होता का? आला होता. पण रागाच्या खाली सुटल्यासारखंही वाटलं होतं. आता त्या घरांत जायला नको. कोणी आडनाव विचारायला नको. आपली वस्ती, आपल्या बाया, चहा मिळतो, ताई म्हणतात. मी सुटले म्हणून खूश झाले. मशीनची जातीनं वाटणी झाली आणि मी ती वाटणी पिशवीत घालून घरोघर फिरवली. दुसऱ्या कोणी नाही, मी.

मशीन जुनंच होतं. पट्टा चिकटायचा नाही, मध्येच फर्रकन सुटायचा. नळीला कुठंतरी बारीक चीर होती. हवा भरता भरता सुस्कारा टाकायचं आणि पडद्यावर ई दाखवायचं. ई म्हणजे चूक. कधी तरण्याताठ्या पोरीचा बीपी शंभराच्या खाली दाखवायचं, कधी आभाळाला टेकवायचं. मी मॅडमना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या टप्प्यात बघू.

एकदा वस्तीतल्या एका बाईचा आकडा एकशे साठच्या वर आला. मी नियमाप्रमाणं सगळं केलं. चिठ्ठी दिली, फोन केला, गाडी बोलवली. दवाखान्यात मोजला तर बाईचा बीपी बराबर निघाला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "त्या मशीनवर विश्वास ठेवून मला उठसूट फोन करू नकोस. अक्कल वापरत जा थोडी." शेजारी अश्विनी बसली होती. तिनं मान खाली घातली.

त्या दिवसानंतर मी अक्कल वापरायला लागले. म्हणजे काय, तर मोठा आकडा आला की आधी मशीनवर शंका घ्यायची. मग बाईवर. ही चालून आली असंल. ही भांडून आली असंल. पुन्हा मोजायचा, पुन्हा मोजायचा, खाली येईपर्यंत मोजायचा. गावातल्या बायांचे आकडे नव्या मशीनवर यायचे, ते खरे. आमच्या वस्तीचे आकडे खोटेच येतात असं मला वाटायला लागलं होतं. सासूबाईंनी एकदाच म्हणलं होतं. मी रोज मनात म्हणायला लागले.

अश्विनी एकदा बसस्टँडवर मला म्हणाली, "आपण मशीन बदलून घेऊ एखादा आठवडा. स्टिकर काढून एकमेकांना लावू. कोणाला कळतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दिवस कुठं गेली होती ही? मी म्हणलं, "राहू दे. तुझी घरं बाटतील."

तिचं तोंड उतरलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, मी तिला चांगली चपराक दिली. स्वाभिमान राखला. ते मशीन त्या दिवशी बदललं असतं तर पुढचं काही झालं नसतं. हा माझा स्वाभिमान.

आता सुजाताचं सांगते.

सुजाता माझी भावजय. काकूच्या मुलाची, मिलिंदची बायको. वय बावीस. तिचं माहेर कुरुंद्याकडं. पहिलंच बाळंतपण. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. मला ताई म्हणायची आणि माझी नक्कलही करायची. मी बायांना कसं विचारते, "डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येते का," ते ती पदर सावरून, मान वाकडी करून म्हणून दाखवायची. काकू पोट धरून हसायची.

आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात नेतात, आठव्यात नेत नाहीत, नाहीतर मग नवव्यात. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पण मॅडमच्या फॉर्मवर बाई गाव सोडून गेली की तिच्या नावापुढं 'स्थलांतरित' लिहायचं आणि फॉर्म बंद करायचा. जणू ती कामाला परमुलखात गेली. मी पहिल्या महिन्यातच मॅडमना सांगायला पाहिजे होतं, की ही बाई स्थलांतरित नाही, आईकडं गेली आहे, एसटीनं तासाभराच्या अंतरावर आहे, तिचा बीपी तिच्याबरोबरच गेला आहे. मी नाही सांगितलं. स्थलांतरित लिहिलं की एक घर कमी व्हायचं.

सुजाताला सातवा महिना संपत आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ न्यायला येणार होता. मी त्या दिवशी शेवटचं घर म्हणून तिच्याकडं गेले. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. मला कळमनुरीला फॉर्म पोचवायचे होते आणि सहाची बस होती.

ती खाटेवर बसली. पाय सुजलेले होते. काकू म्हणाली, "पहिलटकरणीचे सुजतातच." सुजाता म्हणाली, "ताई, डोस्कं लई जड झालंय आज." त्या दिवशी तिनं नक्कल केली नाही. हे मला आठवतं, आणि हे मला त्याच दिवशी दिसायला पाहिजे होतं.

मी विचारलं, "गेल्या आठवड्यात उपकेंद्रावर तपासणी होती. गेलतीस का?"

"कशाला?" काकूच बोलली. "आपली पोरगी घरी येऊन तपासती. घरात वैद असताना आन् कुठं जायचं?"

हेही मीच पसरवलं होतं. नवीन असताना वस्तीत सगळ्यांना मीच सांगितलं होतं, उन्हातान्हात कशाला जाता, मी येते की घरी.

पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न, एकशे चार.

पट्टा सोडला, दाबून पुन्हा बांधला. ई.

तिसऱ्यांदा बांधला. हातानं दाबून धरला. एकशे चोपन्न, शंभर.

मी नर्स आहे. सुजलेले पाय, जड डोकं, हा आकडा, यांचा अर्थ मला पाठ होता. आणि त्याच वेळी मला मॅडमचा आवाज ऐकू आला, अक्कल वापरत जा. पिशवीत लघवी तपासायच्या पट्ट्या होत्या. काढल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण त्या काढायच्या म्हणजे तीन पानांचा फॉर्म, फोन, गाडी. आकडा खोटा निघाला तर पुन्हा बोलणी. बस गेली असती. आणि सुजाता उद्या जाणारच होती, मग ती माझ्या यादीत नव्हतीच.

मी फॉर्मवर लिहिलं, एकशे बत्तीस, अठ्ठ्याऐंशी.

हा आकडा मशीनवर आलाच नव्हता. मी मनानं लिहिला. खराब मशीनलासुद्धा तो सुचला नव्हता, मला सुचला.

"बराबर हाय ना?" सुजातानं विचारलं.

"बराबर हाय," मी म्हणलं. "मीठ कमी खा. आराम कर."

तिच्या नावापुढं 'स्थलांतरित' लिहिलं. सहाची बस मिळाली. खिडकीची जागा मिळाली.

अकरा दिवसांनी मिलिंदचा फोन आला. सुजाताला झटके आले होते. सकाळी चुलीपुढं बसली असताना डोळे फिरवले, दातखिळी बसली, हातपाय ताठ. आधी कोणी म्हणलं बाहेरचं आहे. मग तिच्या भावानं जीप केली आणि नांदेडला नेलं. मी पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी बीपी वाढलेला होता का? काकू माझ्याकडं बघून म्हणाली, "न्हाई साहेब, ह्या पोरीनं तपासलं व्हतं. बराबर व्हतं." काकूनं ते विश्वासानं सांगितलं. मी मूग गिळून उभी राहिले.

बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. सुजाता वाचली. चार दिवस तिला नीट दिसत नव्हतं. माणसं धुरकट दिसतात म्हणायची.

दवाखान्यात मी आठ दिवस तिच्या खाटेजवळ राहिले. डबा आणला, कपडे बदलले, डोक्यावरून हात फिरवला. बाया म्हणायच्या, नणंद असावी तर अशी. मी ते ऐकून घ्यायचे. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज संध्याकाळ व्हायची.

मग मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. फॉर्म बंद झाला असला तरी संशोधनातल्या बाईचं मूल दगावलं की त्याचा अहवाल एका समितीकडं जातो. बायांवर संशोधन करायला परवानगी देणारी ती समिती. संमतीच्या कागदावर तिचा नंबर छापलेला असतो, तक्रार असेल तर करायला. तो नंबर मीच प्रत्येक बाईला वाचून दाखवायचे, भरभर, कोणी लिहून घेणार नाही अशा बेतानं.

मॅडमनी सुजाताचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "हे बघ. तुझं रीडिंग नॉर्मल आहे. म्हणजे आपल्या भेटीत तिला काही नव्हतं, नंतर वाढलं. आपण काही करूच शकलो नसतो. इथं फक्त सही कर, की भेट नियमाप्रमाणं झाली."

मी म्हणलं, "मॅडम, तो आकडा खोटा आहे. मी मनानं लिहिला."

त्या उठून दार लावून आल्या. मग हळू आवाजात बोलल्या. "हे तू मला सांगितलंस, ठीक आहे. बाहेर बोलू नकोस. तुझं रजिस्ट्रेशन जाईल. तुमच्या लोकांतली पहिली शिकलेली मुलगी तू. तुझ्या मागच्या मुलींचा विचार कर. मी तुला वाचवतेय गं."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेवढी लाज मला वाटलीच पाहिजे. एक मिनिट, दोन मिनिटं, मला फार बरं वाटलं. माझ्या खोट्या आकड्यानं मी वाचत होते. मॅडमही वाचत होत्या. कोणाचंच काही बिघडत नव्हतं. मी पेन उचललं. टोपणही काढलं.

मॅडम फॉर्मचे कागद नीट लावत होत्या. सहज म्हणाल्या, "आणि तसंही ते मशीन खराब आहे हे सगळ्यांना माहीतच होतं."

सगळ्यांना माहीत होतं.

माझा हात थांबला. मला वाटत होतं, सांगून सांगून माझं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं. पुरतं ऐकलं होतं. ऐकून ते मशीन वस्तीत ठेवलं होतं.

"मग वस्तीत काहून ठेवलं?" मी विचारलं.

तीन वर्षांत मी मॅडमपुढं 'काहून' म्हणले नव्हते. 'का' म्हणायचे, 'कशासाठी' म्हणायचे. आमच्या बोलीतला शब्द तोंडून गेला आणि मी तो मागं घेतला नाही.

"पुढच्या टप्प्यात नवीन मागवणारच होतो आपण."

"गावासाठी आठ दिवसांत आलं."

"त्यांनी नकार दिला होता. तुझ्या वस्तीत कोणी नकार दिला नाही."

त्या खरं बोलल्या. आमच्या बायांनी नकार दिला नाही, कारण मी होते. मॅडमनी वस्तीत मशीन ठेवलं, आणि ते चाललं माझ्या तोंडाकडं बघून. मी पेनाला टोपण लावलं. म्हणलं, "मी सही करत नाही."

"नीट विचार कर."

"केला."

तिथंच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कोऱ्या कागदांवर मी समितीला लिहायला बसले. त्या फोनवर कोणाशी तरी बोलायला बाहेर गेल्या. तीन पानं लिहिली. अश्विनी आत आली, वाचलं, आणि न विचारता चौथ्या पानावर नव्या-जुन्या मशीनचं तिला जेवढं माहीत होतं तेवढं लिहून सही केली. मी तिला त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काही म्हणले नाही. म्हणायला पाहिजे होतं.

कागद पाठवायच्या आधी मी कुरुंद्याकडं गेले. सुजाता आईच्या घरी होती. भिंतीला टेकून बसली होती, छातीला ओढणी घट्ट बांधलेली. दूध येत होतं तिला. बाळ नसलं तरी येतं. मी नर्स आहे, मला माहीत आहे. माहीत असणं आणि समोर बसून बघणं यात फार अंतर आहे.

तिची आई चहा टाकायला उठली. मी म्हणलं, "चहा नको मावशी. तुमीबी बसा. मला सांगायचंय."

सगळं सांगितलं. आकडे सांगितले. बस सांगितली. रडले नाही. रडले असते तर तिलाच मला गप्प करावं लागलं असतं.

सुजातानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे तुला त्याच दिशी ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मी इचारलं तवा, बराबर हाय का, तवाबी?"

"व्हय."

"दवाखान्यात माझं डोस्कं दाबत बसलीस तवाबी?"

"व्हय."

तिची आई ओरडली, शिव्या दिल्या, दाराकडं बोट केलं. सुजातानं तिला हातानं थांबवलं. "त्या बाईनं नवं मशीन मागितलं, तिला भेटलं," ती म्हणाली. "मी काई मागितलं न्हाई. तू आपली म्हणून मी दवाखान्यातबी गेले न्हाई. पोरगी व्हती माझी."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

तिनं विचारलं, "आता काय करून राहिली तू?"

मी कागद काढले. ती म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. पहिल्या पानावर सासूबाई होत्या, पट्टा होता, मॅडम होत्या, लाल स्टिकर, नळीची चीर. मी चांगलं लिहिलं होतं. वाचताना माझा आवाजही चढला. दुसरं पान संपत आलं तेव्हा सुजातानं मला थांबवलं.

"मी कुठं हाय ह्यात?"

"तिसऱ्या पानावर."

"आन् तू?"

"मीबी तिथंच."

"मग हे पाठवू नको," ती म्हणाली. "आधी तू काय केलंस ते लिव्ह. मशीन मागून. मॅडम मागून. मशीन बोललं व्हतं, ताई. खराब असून बोललं व्हतं. तू खोडलंस."

मला वाटलं होतं मी कबुली लिहिली आहे. मी तक्रार लिहिली होती आणि कबुली तिच्या मागं दडवली होती. बावीस वर्षांच्या पोरीनं, जी दहावीच्या पुढं शिकली नाही, तिनं ते एकदा ऐकून पकडलं.

तिथंच कागद फाडले. अश्विनीचं पान तेवढं ठेवलं. तिच्या समोर बसून नवीन लिहिलं. पहिलं वाक्य तिनं सांगितलं तसं, तिच्या नावानं सुरू झालं. त्याच्यापुढं माझं नाव, माझ्या नोंदणीचा नंबर, मशीननं दाखवलेले दोन्ही आकडे आणि मी लिहिलेला आकडा. मग बाकीचं. मशीनच्या वाटणीतलं काही कमी केलं नाही. ज्यांनी ते मशीन वस्तीत ठेवलं त्यांना माझ्या कबुलीनं सूट मिळत नाही. पण माझी पाळी आधी.

एक प्रत सुजाताला दिली. तिनं घडी घालून आईकडं दिली आणि म्हणाली, "पेटीत ठेव. वकील लागला तर दाखवू." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही. निघताना ती मला ताई म्हणाली नाही.

समितीनं सोमवारी बोलावलं आहे. मॅडमचे दोन फोन येऊन गेले. घरचे म्हणतात, गप्प बस, झालं ते झालं, नोकरी गेली तर कोण विचारणार आहे. काकू माझ्याशी बोलत नाही, आणि ते बराबर आहे. वस्तीतल्या सगळ्या गरोदर बायांना मी एकेक करून उपकेंद्रावर नेलं, तिथल्या मशीनवर बीपी मोजून घेतला, आणि माझ्या फॉर्मवरचे आकडे त्यांच्यापुढं ठेवले. चौघींचे जुळले नाहीत. चौघींची नावं पुरवणी म्हणून जोडली आहेत. त्यातल्या एकीनं माझ्या तोंडावर दार लावलं.

सुजाताचा काल निरोप आला. ती येणार आहे. माझ्याबरोबर नाही, तिची ती. मागं बसणार आहे, आणि मी काही गाळलं तर उठून बोलणार आहे.

मी काही गाळणार नाही. रजिस्ट्रेशन गेलं तर जाऊ दे, ते मी माझ्या हातानं टेबलावर ठेवीन. मॅडमना उत्तर द्यावंच लागेल, आणि ते मिळेपर्यंत मी त्या खोलीतून उठणार नाही. आणि उद्या सुजातानं माझ्यावर केस केली, तर तिची पहिली साक्षीदार मीच असेन.